पासपोर्ट पोर्तुगालचा, घर स्विंडनचे: ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
गृहमंत्री, युनायटेड किंग्डम
होम ऑफिस, लंडन

सन्माननीय गृहमंत्री,

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना इथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठी आपल्या खात्याने जी सेटलमेंट योजना चालवली, तिच्यात अर्ज करण्याची शेवटची तारीख ३० जून २०२१ होती. ती तारीख चुकलेल्या माणसाचा अर्ज २०२३ च्या ऑगस्टपर्यंत निदान आतून वाचला तरी जात असे. ९ ऑगस्ट २०२३ पासून नियम बदलला. आता उशीर का झाला हे दाराबाहेरच पटवून द्यावे लागते. ते पटले नाही तर अर्ज 'अवैध' ठरतो आणि अवैध ठरलेल्या अर्जावर अपील करता येत नाही. अर्जदार इथे वीस वर्षे राहिला, कामाला गेला, कर भरला, मुले इथल्या शाळेत घातली, हे पाहण्याची पाळीच येत नाही. हा नियम आम्हाला मान्य नाही. त्याच्या आजूबाजूला इतरही काही गोष्टी साचल्या आहेत. त्या सगळ्या एकदा जाहीरपणे मांडाव्यात म्हणून हे पत्र.

लिहिणारे आम्ही स्विंडन, साउथहॉल, हेज, वेम्बली आणि लेस्टर इथे हे अर्ज भरायला मदत करणारे नोंदणीकृत सल्लागार आणि त्यांच्या शेजारी बसणारे दुभाषे आहोत. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसे मूळची गोव्याची, काही दमण आणि दीवची. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या खात्याकडे वेगळी दिली आहे. मराठीत लिहिण्याचे कारण साधे आहे. यांतल्या अनेक घरांत कोकणी बोलतात आणि मराठी वाचतात. शिवाय कागदपत्रांची धावपळ करणारे भाऊ-बहीण, आई-वडील अजून पेडणे, डिचोली, फोंडा इथेच आहेत. आपल्या माणसाचे तिकडे काय अडले आहे, हे त्यांनाही नीट कळायला हवे.

हा समाज ब्रिटनमध्ये कोणत्या हक्काने आला, ते आधी सांगतो, कारण आपल्या खात्याच्या खिडकीवर बसलेल्यांनाही ते अनेकदा ठाऊक नसते. गोवा, दमण आणि दीव १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतात सामील झाले. त्याआधी तिथे जन्मलेली माणसे पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिक होती. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून घेतली की ते नागरिकत्व प्रत्यक्षात येते, आणि त्याच मार्गाने मुले आणि नातवंडेही नागरिक होतात. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला. म्हणून हा पासपोर्ट हाती असलेला गोवेकर ब्रिटनमध्ये आला तो युरोपीय नागरिक म्हणून, पूर्ण कायदेशीरपणे आणि व्हिसाची गरज न पडता.

त्याच्यासाठी परतीची वाट मात्र तशीच उघडी राहिलेली नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. म्हणजे ब्रिटनमधले वास्तव्य गेले तर हा माणूस स्वतःच्या गावात परदेशी म्हणून उतरतो, किंवा ज्या पोर्तुगालची भाषा त्याला येत नाही आणि जिथे त्याचे कोणी नाही तिथे जातो. पोलंडच्या किंवा इटलीच्या माणसाला निदान स्वतःचा देश आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो आधार नाही, आणि म्हणूनच अर्जातल्या एका चुकीची त्यांना मोजावी लागणारी किंमत फार मोठी आहे.

आता वचनाकडे येऊ. १ जून २०१६ रोजी, युरोपीय संघ सोडायचा की नाही यावरच्या सार्वमताला तीन आठवडे उरले असताना, संघ सोडण्याच्या बाजूचे नेते बोरिस जॉन्सन, मायकल गोव्ह, प्रीती पटेल आणि गिझेला स्टुअर्ट यांनी संयुक्त निवेदन काढले होते. इथे कायदेशीर राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना कायम वास्तव्याची परवानगी आपोआप मिळेल आणि त्यांना आजच्यापेक्षा कमी प्रतीची वागणूक मिळणार नाही, असे त्यात म्हटले होते. पाच वर्षांनी ३० जून २०२१ ची मुदत संपली तेव्हा गृहमंत्रिपदी याच प्रीती पटेल होत्या. त्या दिवशी अर्ज न केलेल्या माणसाला आपोआप मिळाले काय, तर कायद्याच्या बाहेरचे स्थान.

याचे मूळ ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातल्या माघार कराराच्या कलम १८ मध्ये आहे. त्या कलमाने प्रत्येक देशापुढे दोन मार्ग ठेवले होते. एका मार्गात हक्क करारानेच मिळतो आणि सरकार त्याची नोंद करून कागद देते. कागद घ्यायला उशीर झाला तरी हक्क जात नाही. दुसऱ्या मार्गात अर्ज मंजूर झाल्यावरच दर्जा मिळतो. पोर्तुगाल, स्पेन आणि जर्मनीने पहिला मार्ग घेतला, ब्रिटनने दुसरा. पोर्तुगालमध्ये राहणाऱ्या ब्रिटिशांना ओळखपत्रे मिळायला फार उशीर झाला आणि त्यांनी त्रास सोसला, हे खरे आहे. पण कागद नाही म्हणून त्यांचा राहण्याचा हक्कच संपला, असे तिथे होत नाही. इथे होते.

ब्रिटनला दुसरा मार्ग निवडण्याची मोकळीक होती. पण त्या मार्गाबरोबर करारात अटीही आल्या. प्रक्रिया सुरळीत, पारदर्शक आणि सोपी असावी. अर्जदाराला पात्रता सिद्ध करायला आणि चुका टाळायला सरकारने मदत करावी. मुदत चुकली तर सगळी परिस्थिती आणि कारणे पाहावीत, आणि कारण वाजवी असेल तर पुरेसा जादा वेळ द्यावा. आमच्या तक्रारी याच अटींवर उभ्या आहेत.

पहिली तक्रार उशिरा आलेल्या अर्जांची. ती आम्ही सविस्तर लिहीत आहोत, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते.

मुदत चुकते कशी, हे आपल्या खात्याच्या पत्रांतून कळत नाही. १ जुलै २०२१ च्या आधीपासून कामावर असलेल्या युरोपीय कर्मचाऱ्याचा दर्जा मालकाने पुन्हा तपासण्याची गरज नाही, असे खात्यानेच मालकांना सांगितले होते. त्यामुळे ज्याने अर्ज केला नाही त्याचा पगार चालू राहिला, कर कापला जात राहिला, काहीच बिघडल्याचे दिसले नाही. दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलताना, घर बदलताना किंवा इस्पितळात शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा विचारणा झाली. तोवर उशीर वर्षांत मोजण्याइतका झालेला होता, आणि आता तोच उशीर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जातो.

दुसरे प्रकरण ज्येष्ठांचे. ब्रिटन संघात असताना त्यांना आपल्याच खात्याने कायम वास्तव्याचा दाखला दिला होता. त्यावर 'कायम' असे छापलेले होते. मुदतीनंतर तो दाखला निरुपयोगी ठरला. असा दाखला हाती असणे हे उशिराचे वाजवी कारण मानायला खात्याने २०२३ च्या बदलात नकार दिला, आणि २०२४ च्या जानेवारीत ते मान्य केले. ही दुरुस्ती झाली याचे आम्ही स्वागत करतो. पण मधल्या काळात ज्यांचे अर्ज अवैध ठरले, त्यांना खात्याने स्वतःहून बोलावून घ्यायला हवे. त्यांची चूक नव्हती आणि नवा अर्ज करता येतो, हे त्यांना कुणी सांगायचे?

तिसरे, मुले. आईवडिलांनी आपापले अर्ज केले, मूल त्यांच्यातच धरले गेले असेल असे समजले. प्रत्यक्षात तान्ह्या बाळाचाही अर्ज वेगळा लागतो. चौथे, बायका. घर आणि मुले सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर पगार नाही, भाड्याचा करार नाही, विजेचे बिल नाही. एका घरात चार कुटुंबे राहत असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक घरकर, घरमालकाच्या नावावर असतो. पुरावा नाही म्हणून तिने अर्जच लांबवला. पाचवे, एजंट. इमिग्रेशनचा सल्ला नोंदणीशिवाय देणे १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी पैसे घेऊन अर्ज 'टाकला' असे सांगणारे आणि प्रत्यक्षात काहीच न करणारे लोक आहेत. त्यांनी दिलेली पावती म्हणजे अर्जाचे प्रमाणपत्र नव्हे, हे इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाला कळणार कसे?

या पाचांपैकी कोणीही लपून राहिलेले नाही. बहुतेकांचा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, कराची नोंद, डॉक्टरकडची नोंद किंवा मुलांच्या शाळेची नोंद सरकारकडेच आहे. कराराने 'सगळी परिस्थिती आणि कारणे' पाहायला सांगितली आहेत. वैधतेच्या पायरीवर एका परिच्छेदाचे स्पष्टीकरण वाचून अर्ज परत करणे म्हणजे सगळी परिस्थिती पाहणे होत नाही. अर्ज वैध धरून नंतर फेटाळला तर निदान न्यायाधिकरणात अपील करता येते. ब्रिटनमधून १४ दिवसांत, बाहेरून २८ दिवसांत. अवैध ठरवला तर उरतो तो न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग, तोही जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या आत, आणि त्याचा खर्च गोदामात रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या आवाक्यातला नाही.

अर्ज परत आल्यानंतर काय होते, तेही आपल्याला ठाऊक असावे. परवानगी नसलेला माणूस कामावर ठेवला तर पहिल्याच वेळी मालकाला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत तो १५,००० वरून इतका वाढवला गेला. त्यामुळे मालक शंकेचा फायदा देत नाही, सरळ कामावरून काढतो. इंग्लंडमध्ये घरमालकालाही तपासणी करावी लागते आणि दंड भरावा लागतो. इस्पितळात उपचार घेतले तर परदेशी पाहुण्याच्या दराने, म्हणजे सरकारी दराच्या दीडपट बिल येते. एका तारखेच्या चुकीला ही शिक्षा प्रमाणाबाहेरची आहे, आणि ती देणाऱ्या निर्णयावर अपील नसणे त्याहून अधिक.

दुसरी तक्रार दर्जाच्या पुराव्याची. सेटलमेंट योजनेत दर्जा मिळालेल्या युरोपीय नागरिकाला कार्ड मिळत नाही, पासपोर्टवर शिक्का मिळत नाही. त्याचा दर्जा फक्त संगणकावर आहे. करार डिजिटल दस्तऐवजाला परवानगी देतो, त्यामुळे ही पद्धत बेकायदा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण 'सोपी' असण्याची अट तिलाही लागू आहे, आणि ती पाळली जात नाही.

दर्जाच्या ऑनलाइन खात्यात शिरायला लागते ते ज्या पासपोर्टवर अर्ज केला त्याचा क्रमांक, जन्मतारीख आणि फोनवर किंवा ईमेलवर येणारा सांकेतिक अंक. २०१९ मध्ये मुलाच्या, भाच्याच्या किंवा एजंटच्या फोनवर अर्ज झाले. तो फोन नंबर आता कोणाकडे आहे, हे अनेकांना माहीत नाही. पासपोर्ट नवा झाला की तो या ऑनलाइन खात्याला जोडावा लागतो. जोडला नाही तर विमान कंपनीच्या संगणकाला नव्या पासपोर्टमागे काहीच दिसत नाही. २ एप्रिल २०२५ पासून युरोपीय पाहुण्यांना ईटीए नावाची प्रवासपरवानगी काढावी लागते. सेटल्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा मिळालेल्या, माणसाला ती लागत नाही. पण गोव्यातल्या मोपाच्या किंवा मुंबईच्या चेक-इनवर बसलेल्या कर्मचाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्ट दिसतो, ईटीए दिसत नाही, आणि तो माणसाला बाजूला उभा करतो. घाबरून पैसे भरून ईटीए काढणारे आहेत. ज्या देशात त्यांना कायम राहण्याचा हक्क आहे तिथे ते पाहुणे म्हणून अर्ज करतात.

मग शेअर कोड, म्हणजे आपला दर्जा दुसऱ्याला दाखवण्यासाठी काढायचा सांकेतिक क्रमांक. नोकरीसाठीचा वेगळा, घरभाड्यासाठीचा वेगळा, इतर कामांसाठीचा वेगळा, आणि प्रत्येकाची मुदत ९० दिवस. घरमालकाला नोकरीचा कोड दिला तर तो चालत नाही आणि माणूस खोटे बोलतो असा ग्रह होतो. संकेतस्थळ बंद असेल त्या दिवशी कोणताच कोड निघत नाही. सत्तरीच्या बाईने हे सगळे इंग्रजीत, परक्या फोनवर, दर वेळी करायचे.

कागदाशिवाय माणसे कशी उघडी पडतात, हे याच देशाने एकदा पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या विंडरश पिढीतील कॅरिबियन वंशाच्या नागरिकांना अनेक दशके राहूनही हक्क सिद्ध करता आला नाही, आणि त्यांच्या आगमनाची कार्डे २०१० मध्ये खात्यानेच नष्ट केलेली होती. २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या वेंडी विल्यम्स यांच्या अहवालाने आपल्या खात्याचे दोष स्पष्ट लिहिले. तो अहवाल ज्या खात्याने स्वीकारला त्याने पन्नास लाखांहून अधिक लोकांना हातात धरता येईल असा एकही पुरावा न देणे आम्हाला समजत नाही.

तिसरी तक्रार प्री-सेटल्ड दर्जाची. इथल्या वास्तव्याची पाच वर्षे पूर्ण न झालेल्यांना तो पाच वर्षांसाठी दिला गेला. दुसरा अर्ज केला नाही तर हक्क संपतील, अशी खात्याची भूमिका होती. २१ डिसेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने, नागरिकांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाने केलेल्या दाव्यात, ती भूमिका बेकायदा ठरवली. एकदा मिळालेला हक्क दुसरा अर्ज न केल्याने जात नाही आणि पाच वर्षांनंतरचा कायम वास्तव्याचा हक्क कराराने आपोआप येतो, असा तो निकाल आहे. खात्याने अपील पुढे नेले नाही. त्यानंतर मुदती आपोआप वाढू लागल्या, आधी दोन वर्षांनी, पुढे पाच वर्षांनी. २०२५ च्या जानेवारीपासून काहींचा दर्जा आपोआप सेटल्ड होऊ लागला. १६ जुलै २०२५ पासून तर प्री-सेटल्ड माणसासाठी आधीची अट सैल झाली. पूर्वी कोणत्याही १२ महिन्यांत ६ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिले की सलगता तुटत असे. आता शेवटच्या ६० महिन्यांपैकी एकूण ३० महिने इथे असणे पुरते. कोविडमध्ये २०२० च्या मार्चनंतर गोव्यात अडकलेल्यांना याचा खरा उपयोग झाला. हे श्रेय खात्याला द्यायलाच हवे.

अडचण आहे ती आपोआप होण्याच्या आधारात. संगणक पगाराच्या, कराच्या आणि सरकारी भत्त्यांच्या नोंदी पाहतो. ज्याच्या नोंदी स्वच्छ आहेत त्याचे काम होते. वर सांगितलेल्या गृहिणीचे, नातवंडे सांभाळणाऱ्या आजीचे, रोखीने मजुरी घेणाऱ्याचे होत नाही, आणि का झाले नाही हे त्यांना कळवलेही जात नाही.

त्यात नावांचा घोळ. पोर्तुगीज नोंदीत आईचे आडनाव आधी, वडिलांचे नंतर. भारतीय कागदांत वडिलांचे नाव मधे. हिंदू घराण्यांची आडनावे पोर्तुगीज काळात 'कामोतिम', 'पोर्बो', 'सिनाय', 'नाइक' अशा वळणाने लिहिली गेली आणि पुढे भारतीय शाळेच्या दाखल्यावर 'कामत', 'प्रभू', 'शेणवी', 'नाईक' झाली. कोणी इथल्या पहिल्या नोकरीत शाळेच्या दाखल्यावरचे नाव लावले आणि पासपोर्टवर दुसरे आहे. कर खात्याच्या आणि आपल्या खात्याच्या नोंदी जुळत नाहीत, आणि संगणकाच्या दृष्टीने हा माणूस इथे कधी राहिलाच नाही.

याच नोंदींच्या आधारे, बाहेर राहिल्याचे कारण देऊन, कोणाचा दर्जा काढून घेतला जाणार असेल तर आम्हाला गंभीर काळजी वाटते. २०२५ मध्ये महसूल खात्याने आपल्याच खात्याकडची प्रवासाची माहिती वापरून सुमारे २३,५०० जणांचा बाल-भत्ता थांबवला. त्यांतील अनेक कुटुंबे सुट्टीवरून केव्हाच परतलेली होती. फक्त परतीची नोंद नव्हती. डब्लिनमार्गे परतणाऱ्याची ब्रिटनच्या हद्दीवर तपासणी होत नाही. जुन्या पासपोर्टवर गेलेला आणि नव्यावर परतलेला माणूस दोन वेगळी माणसे ठरू शकतो. भत्ता थांबला तर चूक कळल्यावर परत देता येतो. दर्जा काढून घेतला तर तोवर नोकरी गेलेली असते.

जहाजांवर काम करणाऱ्यांचाही उल्लेख करायला हवा. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. वर्षाकाठी आठ महिने जहाजावर आणि चार महिने स्विंडनच्या घरी, असा हिशेब धरला तर ६० महिन्यांत घरचे २० महिनेच भरतात. नवी अट पुरी होत नाही, जुनी तर नाहीच. करारातच अनुपस्थितीची मर्यादा असल्यामुळे हे आम्ही हक्क म्हणून मागू शकत नाही. पण बायको-मुले, घर आणि बँक खाते इथे असलेल्या माणसासाठी खात्याला विवेकाने निर्णय घेता येतो.

चौथी तक्रार लग्न आणि मुलांविषयी. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ११ वाजेपर्यंत जे नाते होते ते करारात धरले जाते. गोव्यात लग्नाची नागरी नोंदणी दोन सह्यांनी होते. पहिल्या सहीत इरादा जाहीर करतात, हरकतींची मुदत संपल्यावर दुसरी सही होते आणि लग्न पक्के होते. टाळेबंदीत ज्यांची पहिली सही झाली आणि दुसरी राहिली, ते खात्याच्या लेखी अविवाहित. 'टिकाऊ जोडीदार' म्हणून अर्ज करावा तर सर्वसाधारणपणे दोन वर्षे एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो, आणि आमच्याकडे लग्नाआधी एकत्र राहण्याची रीत नाही. कोविडमुळे लग्न पुढे गेलेल्यांना २०२३ मध्ये अपील न्यायालयानेही दिलासा दिला नाही. आता त्या जोडप्यांना सर्वसाधारण व्हिसाच्या वाटेने यावे लागते आणि तिथे ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. आधी ती १८,६०० होती. वृद्धांची सेवा करणारी, साफसफाई करणारी माणसे एवढे कमावत नाहीत.

मुलांचे आणखी कठीण. सेटल्ड आईवडिलांचे इथे जन्मलेले मूल जन्मतः ब्रिटिश असते, प्री-सेटल्डचे नसते. त्या बाळाचा अर्ज तीन महिन्यांत करायचा. पण बाळाकडे दाखवायला पासपोर्ट कुठला? इथला जन्मदाखला घ्या, लंडन किंवा मँचेस्टरच्या पोर्तुगीज वाणिज्य वकिलातीत वेळ मिळवा, जन्म नोंदवा, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. आईवडिलांचे भारतीय नागरिकत्व गेलेले, त्यामुळे तो मार्ग नाही. पासपोर्टशिवाय कागदी अर्ज करता येतो, पण ते रुग्णालयात, नोंदणी कार्यालयात कुणी सांगत नाही. त्याहून अन्यायाचे म्हणजे, पाच वर्षे पूर्ण होऊनही खात्याने दर्जा बदलायला वेळ लावला आणि त्या दरम्यान मूल जन्मले, तर ते ब्रिटिश ठरत नाही. पुढे त्याची नागरिक म्हणून नोंद करायला मोठे शुल्क पडते. उशीर खात्याचा आणि शुल्क आईवडिलांना, हे उलटे आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक. उशिराच्या कारणाची तपासणी वैधतेच्या पायरीवरून काढून पुन्हा पात्रतेच्या पायरीवर न्या, म्हणजे नकारावर अपील उरेल. ९ ऑगस्ट २०२३ नंतर अवैध ठरवलेले सगळे अर्ज खात्याने स्वतःहून पुन्हा उघडावेत.

दोन. मागेल त्याला दर्जाचे छापील कार्ड द्या. ते होईपर्यंत निदान क्यूआर कोड असलेले, छापून जवळ ठेवता येईल आणि संकेतस्थळ बंद असतानाही तपासता येईल असे प्रमाणपत्र द्या. विमान कंपन्यांना स्पष्ट लिहून कळवा की सेटल्ड आणि प्री-सेटल्ड प्रवाशाला ईटीए लागत नाही.

तीन. फक्त प्रवासाच्या नोंदींवरून कोणाचाही दर्जा काढू नका. आधी पत्त्यावर पत्र, उत्तराला किमान ६० दिवस, आणि उत्तर देताना माणसाला कळेल त्या भाषेत मदत.

चार. ज्यांचा दर्जा आपोआप सेटल्ड झाला नाही त्यांना कोणते महिने नोंदीत सापडले आणि कोणते नाहीत, ते लेखी कळवा. रिकामे महिने भरायला डॉक्टरचे पत्र, शाळेचे पत्र, बँकेचा उतारा, चर्चचे किंवा मंडळाचे पत्र एकत्र धरून स्वीकारा. नावांतील फरकासाठी पोर्तुगीज जन्मनोंदीची प्रत पुरेशी माना.

पाच. पाच वर्षे पूर्ण झाल्याची तारीख हीच सेटल्ड होण्याची तारीख धरा. दर्जा नंतर मिळाला तरी त्या दरम्यान जन्मलेल्या मुलाची नागरिक म्हणून नोंद विनाशुल्क करा.

सहा. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी लग्नाची नागरी प्रक्रिया सुरू झाल्याचा सरकारी कागद असेल, तर ते नाते करारातले धरा.

हे पत्र वाचणाऱ्या आपल्या माणसांसाठी दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण नियम बदलण्याची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. ज्यांनी अजून अर्ज केलेला नाही त्यांनी तो आजच करावा. उशिराच्या कारणाला 'माहीत नव्हते' एवढेच लिहू नये. केव्हा, कोणी, काय सांगितले, आजारपण कोणते, एजंटला पैसे कधी दिले, हे तारखांसह आणि कागदांसह लिहावे. ज्यांच्याकडे दर्जा आहे त्यांनी ऑनलाइन खात्यातला फोन नंबर आणि ईमेल स्वतःचा करून घ्यावा, नवा पासपोर्ट लगेच जोडावा, आणि दर वर्षाचा पी-६० (मालकाकडून मिळणारा पगाराचा आणि कराचा दाखला), कौन्सिलची पत्रे, डॉक्टरच्या भेटींची पत्रे, विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवावेत. परतीचा बोर्डिंग पास तर नक्कीच. सल्लागाराला त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

सन्माननीय गृहमंत्री, यांतली पहिली मागणी मान्य करायला संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. इमिग्रेशन नियमांच्या युरोपीय परिशिष्टात दुरुस्ती करून ती संसदेपुढे ठेवली की पुरे, जशी २०२३ मध्ये ठेवली होती. दुसरी, तिसरी आणि चौथी तर खात्याच्या अंतर्गत सूचनांनीच सुरू होऊ शकतात. पाचवी आणि सहावी यांना वेळ लागेल हे आम्ही समजतो. पहिल्या चारांवर काय ठरले आणि केव्हापासून लागू होईल, ते आम्हाला तारखेसह लेखी कळवावे.

आपले,
पोर्तुगीज नागरिकत्वाच्या गोवा, दमण आणि दीव येथील कुटुंबांचे सल्लागार आणि दुभाषे

प्रत माहितीसाठी:
नागरिक हक्क करारांचे स्वतंत्र देखरेख प्राधिकरण, स्वान्सी
पोर्तुगालची वकिलात, लंडन